इतवारीतला माल आणि त्याचे पहिले पान

ठोक बाजारात प्रत्येक नग उलगडून पाहायला कुणाला वेळ नसतो. गाठ उतरते, वरचा शिक्का पाहिला जातो, नंबर जुळवला जातो आणि बोलणी थेट भावावर येतात. नागपूरच्या इतवारीत आणि गांधीबागेत कापडाचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या असेच होत आले. म्हणून मालाच्या सर्वांत वर जो कागद असतो, त्याच्यावर मोठी जबाबदारी असते. आत काय आहे, कुणाचे आहे, किती आहे आणि मागच्या खेपेसारखेच आहे की नाही, हे सगळे त्या एका कागदाने सांगायचे असते. आज हे काम कॅटलॉगचे मुखपृष्ठ करते. शंभर वर्षांपूर्वी ते काम ताग्यावर चिकटवलेले तळहाताएवढे रंगीत लेबल करीत असे. या दोघांचे नाते फार जवळचे आहे, आणि ते समजून घ्यायला नागपूरसारखे दुसरे गाव नाही. हातमाग, गिरणी, खादी आणि सुरतेचा फॅन्सी माल, या चारही गोष्टी या एकाच शहराच्या बाजारातून गेल्या.

भोसल्यांच्या काळात या बाजाराला कागदी लेबलाची गरज नव्हती. इतवारी, शुक्रवारी, बुधवारी, मंगळवारी अशी वस्त्यांची नावेच सांगतात की बाजार वाराने भरत होता आणि विणणारा, विकणारा, घेणारा एकाच गावातले होते. कोष्ट्यांच्या धोतराची, उपरण्याची, लुगड्याची ओळख त्याच्या काठात असे. उमरेडचे रेशीमकाठी कापड लांबून ओळखू येई. जाणत्या व्यापाऱ्याने काठावरून बोट फिरवले की विणकर कोणत्या पेठेतला, सूत कोणत्या प्रतीचे, याचा अंदाज त्याला येत असे. मालाची साक्ष मालातच होती.

ही साक्ष मालापासून सुटी करून कागदावर आणण्याचा पहिला मोठा उद्योग सरकारने केला. १८६५ सालच्या डिसेंबरात नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमालाचे प्रदर्शन भरले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर तेव्हा रिचर्ड टेम्पल होते. कुठल्या जिल्ह्यात काय पिकते, काय विणले जाते, हे एका छताखाली मांडून दाखवण्याचा तो खटाटोप होता. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, लंडनच्या इंडिया म्युझियमच्या जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत खऱ्या कापडाचे ७०० तुकडे कापून चिकटवलेले होते. असे २० संच झाले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि ७ भारतात आले. हेतू स्पष्ट होता: हिंदुस्थानी माणूस काय नेसतो, काय पांघरतो, हे विलायती गिरणीवाल्याला कळावे आणि त्याने तसेच बनवून इकडे पाठवावे. इथल्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर हा क्रूर कॅटलॉग होता. त्याच्याच हातचे तुकडे त्याच्याच धंद्यावर चालून येण्यासाठी वहीत चिकटवले गेले होते.

ते कापड यायला वेळ लागला नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली आणि मुंबई बंदरात उतरलेली गाठ थेट इतवारीच्या वाटेला लागली. मँचेस्टर आणि ग्लासगोच्या मालावर रंगीत लेबले असत. शिळाछपाईवर, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली, वर सोनेरी वर्ख दिलेली. चित्रे मात्र विलायतेची नसत. हत्ती, मोर, वाघ, राजाराणी, कृष्ण, लक्ष्मी, हनुमान. ग्लासगोजवळच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात लाल रंगाचे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या लेबलांवरही हिंदू देवदेवता आणि अंबारीचे हत्ती आहेत. समुद्रापलीकडे बसलेल्या चित्रकाराने न पाहिलेल्या देशासाठी काढलेली ही चित्रे. कधी देवाच्या हातांची संख्या चुकलेली, कधी नेसू भलतेच; पण काम चोख होत असे.

हे काम नेमके काय होते, हे नीट पाहायला हवे. चित्र गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी असते असे आपल्याला वाटते. ठोक व्यापारात ते आधी ओळखीसाठी असते. खेड्यातल्या दुकानदाराला इंग्रजी वाचता येत नसे, गिरणीचे नाव उच्चारता येत नसे. त्याच्या गिऱ्हाइकालाही नाही. पण मागच्या दसऱ्याला नेलेले मोराचे कापड टिकले, रंग गेला नाही, एवढे दोघांच्याही लक्षात राही. पुढच्या खेपेला मागणी मोराच्याच कापडाची होई. चित्र बदलले तर माल बदलला अशी शंका येई, म्हणून एकदा चाललेले चित्र कंपन्या वर्षानुवर्षे जसेच्या तसे ठेवीत. नवेपणाला इथे किंमत नव्हती, सातत्याला होती.

चित्राला किंमत आली तशी नक्कलही आली. मोर थोडा डावीकडे वळवायचा, हत्तीवरचा माणूस बदलायचा, सोनेरी चौकट तशीच ठेवायची आणि हलका माल खपवायचा. १८७५ मध्ये इंग्लंडात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा सुती मालाच्या चिन्हांची गर्दी एवढी होती की मँचेस्टरला त्यांची वेगळी व्यवस्था ठेवावी लागली. हिंदुस्थानात १८८९ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा आला. कापडाच्या प्रत्येक ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत, ठळक छापणे त्याने बंधनकारक केले. कारण चाळीस वार सांगून अडतीस वार द्यायची चाल होती. नुसत्या आकड्यांवरून, म्हणजे अमुक नंबरचे कापड आमचेच, या दाव्यांवरून कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापर्यंत भांडणे गेली. पुढे १९४० च्या ट्रेड मार्क कायद्यातही कापडासाठी स्वतंत्र प्रकरण घालावे लागले. लेबल म्हणजे शोभेचा कागद असता तर त्याच्यासाठी एवढे वकील लागले नसते.

या सगळ्या धामधुमीत नागपूरने स्वतःचे लेबल छापायला घेतले, आणि इथून गोष्टीला खरा रंग येतो.

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. गिरण्या मुंबईत काढायच्या असा त्या वेळचा शिरस्ता होता. टाटांनी तो मोडला आणि नागपूर निवडले: कापूस दाराशी, रेल्वे आलेली, वरोऱ्याचा कोळसा जवळ. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला, कारण हा माणूस सोने जमिनीत पुरतो आहे असे त्याला वाटले. पुढे त्याच सावकाराने कबुली दिली की टाटांनी माती टाकून सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव पडले.

कंपनीचे नोंदलेले नाव लांबलचक होते. ते कुठल्याही ताग्यावर मावले असते, पण कुणाच्या तोंडात बसले नसते. एम्प्रेस हा एक शब्द मात्र इतवारीतल्या हमालापासून दलालापर्यंत सगळ्यांना जमला. मुखपृष्ठावर सर्वांत मोठ्या अक्षरांत काय असावे, या प्रश्नाचे उत्तर नागपुरात त्या दिवशी मिळाले असे म्हणता येईल.

पण नाव चांगले आणि माल सामान्य, अशी गिरणीची पहिली काही वर्षे गेली. यंत्रे हलकी होती, सूत नीट निघत नव्हते. टाटांनी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेल्या बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हाती व्यवस्थापन दिले, तांत्रिक बाजूला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. १८८३ च्या सुमारास तिथे सूत कातायची रिंग चाती बसवली गेली, जेव्हा खुद्द लँकेशायरला तिच्याविषयी शंका होती. माल सुधारला आणि मग नाव खरे झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आजचे अनेक उत्पादक आधी मुखपृष्ठावर खर्च करतात आणि मालाचा नमुना मागितला की पुढची तारीख देतात. बेझनजींच्या काळात हे चालले नसते, कारण खराब ताग्यासोबत त्याचे चित्रही बाजारातून कायमचे उठले असते.

एम्प्रेस मिल सुरू झाली त्याच १८७७ साली पोस्टाने व्ही. पी. ची सोय सुरू केली. ही दोन्ही कामे एकमेकांशी ठरवून झाली नव्हती, पण व्यापाराच्या दृष्टीने ती एकत्रच पाहायला हवीत. माल पोस्टमनने आणायचा, पैसे त्याच्याच हाती द्यायचे. त्यामुळे ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा माणसाशी व्यवहार करता येऊ लागला. मग पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे यांची सूचीपत्रे गावोगाव फिरू लागली. अमेरिकेत याच दशकात, १८७२ मध्ये, माँटगोमेरी वॉर्डने आपली पहिली यादी काढली होती. ती एकच कागदाची होती. पुढे सिअर्स या प्रतिस्पर्धी कंपनीने आपला कॅटलॉग वॉर्डपेक्षा मुद्दाम आकाराने थोडा लहान ठेवला, म्हणजे घरातली बाई आवराआवर करताना तो आपोआप वर ठेवील, असे सांगतात.

आपल्याकडच्या सूचीपत्रांच्या पहिल्या पानाची रचना एव्हाना ठरून गेली होती. वर देवाचे नाव किंवा चित्र, मग पेढीचे नाव, खाली स्थापनेचे साल, मालाचा प्रकार, रेल्वे स्टेशन, तारेचा पत्ता. आणि तळाला एक ओळ, जी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वाचली जात असे: यापूर्वीची दरपत्रके रद्द. ठोक घेणाऱ्याला पहिला प्रश्न हाच असतो की हातातला भाव चालू आहे की जुना. लोखंडी सामानाच्या, विजेच्या सामानाच्या दरपत्रकांवर आजही अमुक तारखेपासून लागू ही ओळ मुखपृष्ठावर असते, आणि नसली तर इतवारीच्या लोहा ओळीतला दुकानदार ते बाजूला ठेवतो.

चित्रांच्या बाजूने या काळात एक मोठी घटना घडली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचवणाऱ्या या छापखान्याने जाहिराती आणि लेबलेही छापली. आता देवाचे हात मोजून बरोबर चार होते, लुगडे मराठी नेसणीचे होते. विलायती लेबलाला जे कधी साधले नाही ते इथे सहज साधले. त्याआधी १८७८ पासून पुण्याचा चित्रशाळा छापखाना हे रंगीत चित्रांचे काम करीतच होता. मालाच्या वरच्या कागदाला देशी डोळा मिळाला तो या मंडळींमुळे.

१९०५ नंतर त्या कागदावर राजकारण उतरले. स्वदेशीच्या लाटेत गिरण्यांनी लेबलांवर भारतमाता आणली, पुढाऱ्यांच्या छब्या आणल्या, पुढे चरखाही आणला. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे असहकाराला मंजुरी देणारे अधिवेशन नागपुरातच भरले. १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथलाच. विलायती कापडाच्या होळ्या होत असताना माल देशी आहे हे दाखवणे ही दुकानदाराची गरज होऊन बसली. जो कागद गुणवत्तेची ओळख देत होता तो आता निष्ठेची ओळख देऊ लागला.

आणि इथून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर वर्ध्याला याच्या अगदी उलट विचार चालू होता. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत बसून त्याचे काम पाहू लागले. खादीला आणि ग्रामोद्योगी मालाला रंगीत चित्र नको, खरेपणाचे प्रमाणपत्र हवे, अशी ती दृष्टी होती. खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाचा साधा शिक्का पुरेसा मानला गेला. गंमत अशी की खादीच्या व्यापाराने लेबलाचा मूळ अर्थच पुन्हा वर आणला. चित्र गेले, हमी राहिली. मुखपृष्ठ कसे असावे याचा विचार करणाऱ्याने एम्प्रेस मिल आणि मगनवाडी ही दोन्ही टोके डोळ्यांसमोर ठेवावीत. दोघांनी एकच गोष्ट दोन वाटांनी साधली.

महाराष्ट्रात कॅटलॉगची सर्वांत सुंदर वाढ मात्र किर्लोस्करवाडीला झाली. आपल्या कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना द्यावी म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. नांगर आणि रहाट यांच्या माहितीपत्रकाला त्यांनी चित्र दिले, मजकूर दिला, आणि ते वाढत वाढत मराठीतले एक मातब्बर मासिक झाले. दरपत्रकाचे मुखपृष्ठ माणसाने उघडावे म्हणून केलेली मेहनत एवढ्या लांब जाऊ शकते, याचे हे मराठी उदाहरण जाहिरातीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायला हवे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत छपाई झपाट्याने बदलली. शिळाछापाचे दगड गेले, ट्रेडलवर ब्लॉक लावून दोन रंगांत दरपत्रके निघू लागली, मग ऑफसेट आले. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या चित्रांनी कॅलेंडरांना आणि मुखपृष्ठांना तजेला दिला. नागपुरात औषधांच्या दुनियेत बैद्यनाथचे पंचांग घरोघर गेले. तेही एक प्रकारे मालाचे मुखपृष्ठच, वर्षभर भिंतीवर राहणारे. पण कापडाच्या ठोक बाजारात सत्ता सरकली सुरतेकडे. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आणि त्यांच्यासोबत कॅटलॉग आले.

गांधीबागेतल्या गाद्यांवर आज हे कॅटलॉग ढिगाने दिसतात. मुखपृष्ठावर साडी नेसलेली मॉडेल, वर कलेक्शनचे नाव, बहुतेकदा एखाद्या स्त्रीचे नाव, खाली कापडाचा प्रकार आणि डिझाइन नंबर. एका संचात सहा किंवा आठ साड्या, आणि घ्यायचा तर पूर्ण सेट. भाव मात्र मुखपृष्ठावर नसतो. कारण ही एकच वही दोन माणसांना दाखवायची असते. ठोक व्यापारी ती उमरेडच्या, काटोलच्या, भंडाऱ्याच्या दुकानदाराला दाखवतो, आणि तो दुकानदार तीच वही आपल्या गिऱ्हाइकापुढे उघडतो. भाव छापला तर मधल्या माणसाचा नफा उघडा पडतो. मॉडेल गिऱ्हाइकासाठी आहे, नंबर दुकानदारासाठी. चांगल्या मुखपृष्ठावर दोघांनाही आपापले लगेच सापडते. वाईट मुखपृष्ठावर नक्षी एवढी असते की नंबर शोधायला चष्मा लावावा लागतो, आणि मग ऑर्डर चुकते, पार्सल परत जाते, दोन्हीकडचे भाडे अंगावर पडते.

गेल्या काही वर्षांत वहीसुद्धा फोनमध्ये गेली. सुरतेहून फाईल येते, इतवारीतून पुढे जाते. फोनवर फाईल न उघडता दिसतो तो पहिल्या पानाचा वरचा भाग, तोही बोटभर. साडीचा पदर पानाच्या तळाशी असेल तर तो दिसतच नाही. नाव खाली असेल तर फाईल कुणाची हे कळत नाही. जुन्या लेबलाच्या चित्रकाराला तळहाताएवढ्या कागदावर एक मोर, एक नाव आणि एक नंबर एवढेच बसवता येत असे. आजच्या डिझायनरपुढे पुन्हा तेवढीच जागा उरली आहे. संगणकावर पंचवीस इंची पडद्यावर पान सजवणाऱ्यांनी ते एकदा फोनच्या यादीत पाहावे, मग अर्धी नक्षी आपोआप गळेल.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. त्या जागेवर आज मॉल उभा आहे. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत गेला. विलायती गिरण्यांची लेबले मात्र परदेशांतल्या संग्रहालयांत जपलेली आहेत, आणि अलीकडे बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. नागपुरात १८६३ पासून अजब बंगला हे संग्रहालय आहे, १९२३ पासून विद्यापीठ आहे, विदर्भ साहित्य संघही आहे. या शहरातल्या कापडाच्या लेबलांना, दरपत्रकांना आणि सूचीपत्रांना यांपैकी एका ठिकाणी तरी कपाट मिळायला हवे.

इतवारी, महाल आणि गांधीबागेतल्या जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर अशा वह्या अजून असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याला देण्याआधी मुखपृष्ठ एकदा नीट पाहावे, मागे पेन्सिलीने पेढीचे नाव आणि आठवत असेल ते साल लिहावे, आणि वही एखाद्या ग्रंथालयात नेऊन द्यावी.